खटक्याची कडी

लोक मला भांडखोर म्हणतात. माहेरी म्हणत, सासरी म्हणत, आणि आता साठी उलटल्यावर शहापूरच्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येही कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतंच. म्हणोत. मी भांडण कधी उकरून काढलं नाही, पण समोर आलेलं सोडलंही नाही. हे मी शाळेत शिकले नाही, पुस्तकात वाचलं नाही. आमच्या मळ्याच्या फाटकापाशी उभं राहून शिकले. त्या फाटकाला कुठली कडी लावायची, एवढीच तेव्हाची गोष्ट होती. एवढ्याशा गोष्टीपायी आमच्या घराचं चुलत्याशी बोलणं तुटलं, आणि मला वाटतं, त्याच गोष्टीपायी आमचं घर घर म्हणून उभं राहिलं.

आमचा पाडा शहापूर आणि मुरबाड यांच्या मधोमध. रस्त्यावर येऊन उभं राहिलं की एका बाजूची एसटी शहापूरला न्यायची, दुसऱ्या बाजूची मुरबाडला. घरं थोडी, सगळी एकमेकांच्या नात्यातली. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली ओटी, ओटीवर भाताच्या कणग्या आणि आढ्याला टांगलेली बियाण्याच्या काकड्यांची माळ. सकाळी जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजाने. आयच्या हातात काचेच्या बांगड्या असत आणि तांदळाची उकड मळताना त्या परातीवर वाजत. चुलीवर वालाचं बिरडं, नाहीतर सुकट आणि कांदा. वारा उत्तरेचा असला की आटगावकडून गाडीची शिट्टी ऐकू यायची आणि बाबा म्हणायचे, "आज थंडी पडनार." त्या शिट्टीचा आणि थंडीचा काय संबंध, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण ते बरोबर ठरायचं.

बाबा आंब्यावरून पडले तेव्हा मी दहावीला होते. कमरेचं हाड मोडलं, जुळलं, पण वाकडं जुळलं. चिखलात उतरून भात लावणं, नांगर धरणं त्यांना पुन्हा जमलं नाही. भाताची खाचरं आम्ही वाट्याने दिली, आणि ओढ्याकाठचा जो चिंचोळा तुकडा आमच्या वाटणीचा होता तिथे आयने भाजीचा मळा केला. भेंडी, वांगी, काकडी, मिरची. मी शाळेतून आले की दप्तर ओटीवर टाकून मळ्यात. ओढ्याचं पाणी घागरीने ओतायचं, वाफ्याच्या कडेकडेने, रोपाच्या मुळाशी. आय म्हणायची, "पानावर नको वतू गो, पान काय पीत नाय." मळ्याची भाजी टोपलीत भरून आय शहापूरच्या बाजारात बसायची आणि त्यावर आमचं मीठमिरची, बाबांचं औषध, माझी शाळा चालायची.

त्या तुकड्याला एकच अडचण होती. पाड्याची पिण्याच्या पाण्याची विहीर त्याच्या पलीकडच्या टोकाला, ओढ्याजवळ. विहिरीकडे जाणारी पायवाट आमच्या वाफ्यांच्या अंगावरूनच उतरायची. ती वाट सगळ्यांची. आमच्या आजोबांच्या वेळेपासून सगळ्यांची, आणि आमचा त्याला कधी विरोध नव्हता. वाट अडवता येत नव्हती आणि वाट व वाफे यांच्यामध्ये कुंपण घालायला जागाही नव्हती. म्हणून सगळ्या तुकड्याला बाहेरून काट्यांचं कुंपण आणि वाटेच्या तोंडाशी एक फाटक. बाबांनीच धडधाकट असताना ऐनाच्या फळ्यांचं केलेलं. त्याला दोरीचा फास. येणाऱ्याने फास काढायचा, जाताना अडकवायचा.

पण डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन येणारी बाई फास अडकवणार कशी? फाटक उघडं राहायचं. आणि उघडं राहिलं की तात्यांच्या म्हशी आत.

तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. पाड्यात त्यांचा शब्द चालायचा. उंच, अंगाने भरलेले, खांद्यावर कायम पांढरा टॉवेल, बोलणं हळू. ओरडून बोलायची त्यांना कधी गरज पडली नाही. बाबा पडल्यावर ते दोनदा आमच्या ओटीवर येऊन बसले होते. "नारायणा, ओढ्याकडचा तुकडा मला दे कसायला. बायका काय मळा करतात? लोकं हसतात." बाबा जमिनीकडे बघत बसले. आतून आयने पहिल्यांदा चहा पाठवला. दुसऱ्यांदा चहासुद्धा पाठवला नाही. त्यानंतर तात्यांच्या म्हशी पाणंदीच्या वाटेने ओढ्यावर जायच्या ऐवजी आमच्या फाटकापाशी रेंगाळायला लागल्या. हंड्यावाल्या बायकांकडून फाटक उघडं राहायचं ते नाइलाजाने. पण दुपारी, वाटेवर चिटपाखरू नसतानाही ते सताड उघडं सापडायला लागलं. फुलावर आलेली भेंडी म्हशी बुडख्यापासून ओरबाडून खायच्या. न खाल्लेली तुडवायच्या.

"वाऱ्यानं उघडलं आसंल," तात्या म्हणायचे. "म्हशीला काय कळतं, मळा कोनाचा?"

शेवटी आयने साखळी आणली आणि कुलूप लावलं. आज विचार केला तर ती चूक होती हे मला दिसतं, आयलाही ते लगेच कळलं. बायकांना किल्ली मागायला आमच्या दारात यावं लागलं. पाण्यासाठी किल्ली मागायची! जिच्याशी आयची बहिणीसारखी गट्टी होती ती शेजारीणसुद्धा तोंड फिरवून गेली. तात्यांना हवं ते आयतंच मिळालं. त्या संध्याकाळी देवळापुढे माणसं बसली. पुरुष पारावर, बायका खाली कडेला.

"पाण्याची वाट बंद केली," तात्या म्हणाले. "मी माझ्या भावाच्या बायकोला काय बोलावं? तुमीच सांगा."

आय डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालून बसली होती. थोरल्या दिरासमोर तिने आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. बाबा तिच्या मागे, काठीवर हात ठेवून. कुणीतरी म्हणालं, कुलूप काढा आणि माफी मागा, विषय संपला. तेव्हा आय उठून उभी राहिली. पदर सरकू दिला नाही, पण मान वर केली.

"कुलूप आत्ताच काढतंय. ते चुकलं माझं," ती म्हणाली. "वाट सगळ्यांची हाय. पन फाटक माझं हाय. फाटक काढनार नाय."

"मंग ते उघडं ऱ्हानार," तात्या म्हणाले.

"नाय ऱ्हानार. सगळ्यांना उघडंल आनि कोनासाठी उघडं ऱ्हानार नाय, आसं फाटक मी करीन."

माणसं हसली. खरंच मोठ्याने हसली. "आसं फाटक कुठं आसतं गो?" पारावरचा एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला. तात्या हसले नाहीत. ते म्हणाले, "कर. दिवाळीपर्यंत कर. नायतं फाटक मी सोता काढून टाकनार." घरी येऊन आयने चूल पेटवली. चुलीपुढे बसून तिने भाकरी थापल्या आणि पहिलीच भाकरी करपवली. ती करपलेली भाकरी तिने स्वतःच्या ताटात घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शहापूरला गेलो. मी शाळा बुडवली. बाजारपेठेतल्या लोखंडाच्या दुकानात दुकानदाराने काउंटरवर एकेक वस्तू मांडली: कडीकोयंडा, लांब दांड्याची कडी, वर-खाली सरकणारा बोल्ट. सगळं चकचकीत, मजबूत. पण प्रत्येक वस्तू हातात घेतली की एकच प्रश्न यायचा: ही लावणार कोण? माणसानेच लावायची, म्हणजे माणूस विसरणार, किंवा मुद्दाम विसरणार. तेव्हा दुकानदाराने एक पडती कडी काढली. फाटक ढकललं की पट्टी उचलली जाते आणि आपल्याच वजनाने खाचेत पडते. आयच्या चेहऱ्यावर हसू आलं. आम्ही ती घेऊन आलो, मी स्वतः स्क्रू पिळले. चार-सहा दिवस सगळं छान चाललं. मग तात्यांची भुरी म्हैस फाटकाला मान घासायला आली आणि घासता घासता तिच्या शिंगाने पट्टी उचलली गेली. म्हैसच ती. दुसऱ्या दिवशी तिने तेच केलं, यावेळी मान घासण्याचं सोंगही न करता.

"म्हशीनंच तुमचं कुलूप उघडलं," तात्या वाटेवरून जाताना म्हणाले. त्या दिवशी हसले मात्र.

आयने मोडलेल्या रोपांवरच्या कोवळ्या भेंड्या खुडून ओटीत घेतल्या आणि रात्री त्यांची सुकट घालून भाजी केली. इतकी कोवळी भेंडी आम्ही एरवी कधी खाल्ली नसती, ती बाजारात जायची. भाजी फार चवदार झाली होती. मला राग आला त्या चवीचा. मी ताट बाजूला सारलं तर आय म्हणाली, "जेव. उपाशी माणूस काय भांडनार?"

मुरबाडला कारखाने यायला लागले होते आणि रस्त्याच्या कडेला वेल्डिंगची दुकानं निघाली होती. त्यातलं एक हनीफभाईंचं. बाबांची त्यांच्याशी जुनी ओळख, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवून घेण्यापासूनची. आम्ही गेलो तेव्हा ते एका ट्रॉलीचा मागचा फाळका बसवत होते. फाळका वर आला, खट्ट झालं, आणि तो जागच्या जागी अडकला. त्यांनी हात लावला नव्हता. मी पुढे होऊन पाहिलं. लोखंडी नळीत एक जाड पिन, पिनेवर स्प्रिंग. पिनेचं टोक एका बाजूने तिरकं कापलेलं. फाळका येताना ते तिरकं टोक पट्टीवर घासत मागे सरायचं आणि भोक समोर आलं की स्प्रिंग पिनेला आत ढकलायची. काढायचं तर मूठ आडवी ओढायची. आडवी! उचलायची नाही. भुरी म्हैस जन्मभर मान घासत बसली तरी तिला आडवी ओढता येणार नव्हती.

"आय, ही," मी म्हणाले. "हीच."

हनीफभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी बाकड्यावर स्प्रिंगा काढून ठेवल्या. कुठली जाड तारेची, कुठली बारीक, कुठली आखूड. "ही घ्या," जाड तारेची उचलून ते म्हणाले. "हत्ती आला तरी सुटनार नाय."

मी ओढून पाहिली. दोन्ही हातांनी जेमतेम सरकली. बारीक तारेची सहज सरकत होती, पण पिन भोकात जाता जाता अर्ध्यातच थांबायची. हनीफभाई म्हणाले, नवीन आहे तोवर ठीक, एक पावसाळा गेला, गंज धरला की ही मेली. मधली एक होती, लांब, मध्यम तारेची. आयने ती पिनेवर चढवायला लावली, पिन बाकड्यावरच्या शिकंज्यात धरायला लावली, आणि इकडेतिकडे बघून कोपऱ्यातली पाण्याने भरलेली बादली उचलली. पदराची चुंबळ केली आणि बादली डोक्यावर ठेवली. वेल्डिंग थांबलं. रस्त्यावरून जाणारे दोघेजण उभे राहिले. एका हाताने बादली धरून, दुसऱ्या हाताने, तोही डावा, आयने मूठ ओढली. पिन मागे आली. सोडली. खट्ट. पुन्हा ओढली. बादलीतलं पाणी हललं, पण सांडलं नाही.

"ही चालंल," आय डोक्यावरच्या बादलीसकट म्हणाली. "माझी जाऊ माझ्यापेक्षा अशक्त हाय, पन तिलापन जमंल."

ती जाऊ म्हणजे तात्यांची बायको, आमची काकी. भांडण ज्याच्याशी, त्याच्याच बायकोच्या हाताचं माप घेऊन आयने स्प्रिंग निवडली. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी एसटीत होते, पिनेची नळी जुन्या पोत्यात गुंडाळून मांडीवर घेतलेली. मुठीच्या बाबतीत मात्र माझं चाललं. हनीफभाई कडं लावणार होते, धरायला सोपं म्हणून. मी म्हटलं, कड्यात शिंग अडकेल. मग त्यांनी गोल गुळगुळीत बोंडूक लावलं, फाटकाच्या वर येईल असं, म्हणजे आतून बाहेरून दोन्हीकडून हाताला लागेल. भोक त्यांनी उभट, लांबट केलं. लाकूड पावसात फुगतं, फाटक खाली बसतं, तरी पिन चुकायला नको.

आता उरला एकच प्रश्न. कडी आपोआप लागेल, पण फाटक आपोआप कसं मिटणार? मी आणि आय खांबाशी खटपट करत होतो. ओटीवरून बाबा सगळं पाहत होते. थोरल्या भावाच्या विरोधात त्यांनी आजवर बोटही उचललं नव्हतं. त्यांच्या आईने मरताना दोघा भावांचे हात एकमेकांच्या हातात दिले होते म्हणे, आणि ते बाबांनी एकट्यानेच लक्षात ठेवलं होतं. ते काठी टेकत मळ्यापर्यंत आले. मळ्याकडे ते कित्येक महिन्यांत फिरकले नव्हते. खांबाजवळ दगडावर बसले, बिजागरीवरून हात फिरवला.

"वरची बिजागरी बोटभर फुडं घे. कडीच्या बाजूला," ते म्हणाले. "फाटक सोताच्या वजनानं परत येतं. हतोडी दे इकडं."

त्यांनी बसल्या बसल्या बिजागऱ्या काढल्या आणि पुन्हा ठोकल्या. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला. मग फाटक पूर्ण उघडून त्यांनी सोडलं. ते हळूच निघालं, वेग धरला, आणि खट्ट. आयने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, मी पाहिलं नाही, कारण मी फाटक पुन्हा उघडत होते. त्या संध्याकाळी मी ते इतक्या वेळा उघडून सोडलं, की आय म्हणाली, "आता म्हशीसाठी ठेव थोडं."

सकाळी तात्या आले. विहिरीवर बायकांची ये-जा सुरू झाली होती. त्यांनी बोंडूक ओढलं, फाटक उघडलं, सोडलं. फाटक मिटलं. त्यांनी पुन्हा उघडलं, यावेळी कडेचा एक मोठा दगड पायाने सरकवत आणला आणि फाटकाला टेकवला. "वाट मोकळी पायजे," ते कुणाकडेही न बघता म्हणाले.

मी वाफ्यातून आले, दगड उचलला आणि कुंपणाबाहेर टाकला. खट्ट.

"सुमे," तात्या हळूच म्हणाले. "दगड ठेव तिथं."

"नाय ठेवनार."

"बापानं शिकवलं नाय का तुला, मोठ्यांशी कसं बोलायचं?"

मी फाटकाच्या फळीवर हात ठेवला. "तुमी रोज दगड ठेवा, तात्या. मी रोज उचलनार. तुमच्या जाग्यावर तुमचा पोरगा आला तरी उचलनार. वाट मोकळीच हाय. हात लावा, उघडतंय."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. मला वाटलं, आता मारणार. मी हलले नाही. तेवढ्यात त्यांच्या मागून काकी आली, भरला हंडा डोक्यावर, भरली कळशी कमरेवर. ती विहिरीकडून येत होती, तिला बाहेर जायचं होतं. नवरा वाटेत उभा. ती थांबली. सगळ्या बायका थांबल्या. काकीने कळशी मांडीशी टेकून जरा सावरली, हात मोकळा केला, बोंडूक ओढलं, फाटक आत घेतलं आणि बाहेर पडली. मागे फाटक मिटलं. तिने वळून पाहिलं नाही. चालता चालताच म्हणाली, "सोपं हाय गो."

एवढंच. पण बायकांच्यात खसखस पिकली, आणि तात्यांना ती ऐकू गेली.

तरीही त्यांनी दिवाळीआधी पुन्हा देवळापुढे माणसं जमवली. फाटक म्हणजे अडथळा, उद्या त्यात कुणाचं बोट सापडेल, परवा पोर अडकेल. मग त्यांनी नेहमीच्या हळू आवाजात बाबांकडे वळून सांगितलं, "नारायणा, तुझ्या बायकोला समजाव. भावाभावात फाटक बरं नाय."

बाबा काठीवर भार देऊन उठले. उठायला त्यांना वेळ लागला.

"दादा, फाटक मी लावलंय," ते म्हणाले. "बिजागऱ्या माझ्या हातच्या हायत. मळा हिचा हाय. ती म्हनंल तवा निघंल. तू मला सांगू नको, तिला इचार."

तात्यांनी आयला विचारलं नाही. विचारणार कसे? विचारलं असतं तर मळा तिचा आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं. ते उठून घरी गेले आणि त्यानंतर आमच्या ओटीवर कधी आले नाहीत. माझ्या लग्नातही नाही. काकी आली, मागच्या दाराने, पोटाशी धरून आणलेली साडी माझ्या हातात देऊन गेली. म्हशी पाणंदीच्या वाटेने ओढ्यावर जायला लागल्या. लोकांनी मला सांगितलं, बाबांनी सांगितलं, पुढे नवऱ्यानेही सांगितलं, की रक्ताचं नातं एका कडीपायी तोडू नये. मी तोडलं नाही. आम्ही फक्त फाटक मिटलं होतं, आणि ते कुणालाही एका हाताने उघडता येत होतं. तात्यांनी ते उघडलं नाही, त्याचं उत्तर मी का द्यावं?

त्या वर्षी दिवाळी झाली आणि आयने नवीन वाफे ओढले. फाटकाजवळची पट्टी ती नेहमी ओसाड ठेवायची. तिथे लावलेलं टिकायचंच नाही. त्या सकाळी ती मातीत बसली, बोटाने भोकं पाडत, त्यात भेंडीचं बी टाकत, मागे मागे सरकत गेली. मी घागर घेऊन उभी होते. सरकता सरकता तिची पाठ फाटकाच्या फळ्यांना लागली, तेव्हा कुठे ती थांबली.